या घरात मी कधी हरलोच नाही

बडोद्यातल्या मराठी घरांच्या आठवणी लिहायला बसलं की सयाजीराव महाराज येतात, ग्रंथालय येतं, संगीत येतं, आणि आखाडा तर येतोच. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मुलांना व्यायामशाळेत घालणं आमच्या पिढीपर्यंत मुंजीइतकंच ठरलेलं असायचं. जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव ही नावं घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी घेतली जात. तिथे मल्लखांब, लाठी शिकवत, आणि हाडं बसवून घ्यायलाही लोक लांबून येत. मी मात्र आज आखाडा सुटल्यानंतरची गोष्ट सांगणार आहे, माझ्या धाकट्या भावाची. त्याला विचारूनच लिहितेय. त्याची अट एकच होती: "ताई, रडकं लिहू नकोस."

तो सातव्या वर्षापासून मल्लखांब करायचा. खांबाला एरंडेल लावतात, त्याचा वास त्याच्या शर्टाला कायमचा. आई म्हणायची, हा मुलगा नाही, तेलाचा बुधला आहे. कॉलेजात खो-खोही खेळला. 1998 च्या पावसाळ्यात, सव्वीस वर्षांचा असताना, हायवेवर त्याच्या स्कूटरला मागून ट्रकची धडक बसली. छातीच्या भागातला दहावा मणका मोडला. हात शाबूत, छाती शाबूत, बेंबीच्या खाली काहीच नाही.

आमचे नाना म्हणायचे, "हाड आहे, सांधेल." मणका सांधलाही. पण मणक्याच्या आत असतो तो मज्जारज्जू हाडासारखा सांधत नाही, हे कळायला घराला सहा महिने लागले, आणि मान्य करायला आणखी दोन वर्षं.

ज्यांच्या घरात असं आजारपण झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, कारण ज्या अंगाला संवेदनाच नाही ते दुखतंय हे सांगणार कोण? एकदा जखम झाली की महिनोन् महिने भरत नाही. लघवीची नळी, ताप आला की धावपळ. आमचं घर पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या, त्याही जुन्या वाड्यातल्या, उंच आणि अरुंद. खाली न्यायचा तर चार माणसं लागायची. म्हणून न्यायचोच नाही. दवाखान्यातली असते तशी वीसेक किलोची लोखंडी खुर्ची होती. ती खिडकीपाशी ठेवलेली, आणि तो तिच्यात.

आईने त्याला फुलासारखं जपलं. पाण्याचा पेला हातात, ताट मांडीवर, पुस्तक पडलं तर उचलायला तीच. चुलत-मावस भावंडं संध्याकाळी कॅरम खेळायला यायची. सगळे प्रेमाने हरायचे. राणी भोकाच्या तोंडाशी असली तरी कुणाचा तरी स्ट्रायकर नेमका चुकायचा. चार वर्षं हे चाललं. एक दिवस सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "ताई, या घरात मी चार वर्षांत एकदाही हरलो नाही. मी काय मेलोय का?"

हे वाक्य मी आजवर विसरले नाही. अपघाताने त्याचे पाय नेले होते. बाकीचं आम्ही मायेने काढून घेत होतो.

2002 मध्ये फिजिओथेरपिस्टने सांगितलं, शहरात एका हॉलमध्ये खुर्चीवर बसून टेबल टेनिस खेळतात, घेऊन तर या. चार माणसं जमवून नेला. समोर बँकेतले पन्नाशीचे एक गुजराती काका, लहानपणी पोलिओ झालेले. त्यांनी याला 11-3, 11-2, 11-4 असा धुतला. एक चेंडू दया म्हणून सोडला नाही. उलट दोनदा हसले. घरी येऊन हा दोन भाकऱ्या जास्त जेवला आणि म्हणाला, "उद्या परत जायचंय."

लोकांना वाटतं खुर्चीवरचा खेळ म्हणजे सोपा केलेला खेळ. तसं नाही. टेबल तेच, 76 सेंटिमीटर उंच. जाळी तीच, 15.25 सेंटिमीटर. नियमांत थोडाच फरक. सर्व्हिस समोरच्याच्या टप्प्यानंतर बाजूच्या कडेने बाहेर गेली किंवा जाळीकडे परत वळली, तर ती धरत नाहीत, पुन्हा करायची, कारण खुर्चीवरचा माणूस तिथे पोचूच शकत नाही. पण एकदा सर्व्हिस पार पडली की हेच डाव बिनदिक्कत टाकायचे. जाळीजवळ अलगद सोडलेला चेंडू, कडेने कापलेला चेंडू, यातच सगळी हुशारी. खेळताना पाय जमिनीला टेकला तर गुण गेला. मांड्यांनी बैठक सोडली तरी गुण गेला.

आणि पोटापाठीचे स्नायू साथ देत नसतील तर नुसता हात लांबवणंही जोखमीचं. अंग पुढे झुकलं की ते मागे आणणार कोण? म्हणून डाव्या हाताने चाक धरायचं, उजव्याने मारायचं आणि डाव्याने स्वतःला परत ओढायचं. म्हणूनच खेळाडूंचे वर्ग पाडतात. 1 ते 5 खुर्चीवरचे, 6 ते 10 उभ्याने खेळणारे, आणि 11 वा बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा. तपासणारे स्नायूंची ताकद बघतात, तोल बघतात, खेळतानाही बघतात. भावाला चौथा वर्ग मिळाला. आई शेजारी सांगून आली, "चौथा नंबर आला." आम्ही काही खुलासा केला नाही.

खरी लढाई टेबलावर नव्हती, आईशी होती. दुसऱ्या आठवड्यात कडेचा चेंडू घ्यायला गेला आणि खुर्चीसकट आडवा झाला. आई ओरडून धावली. तिथले शिकवणारे मास्तर मध्ये आडवे उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बेन, एने पडवा दो. पडशे नहीं तो ऊठतां केम शीखशे?" आईला बडोद्यात चाळीस वर्षं झाली होती, पण गुजराती तिला तेव्हा पहिल्यांदाच कळलं नाही. नंतर पंधरा मिनिटं तिने ते पाहिलं. एक हात जमिनीवर, दुसरा खुर्चीच्या बैठकीवर, खांद्यांच्या जोरावर अंग वर. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बसला. मल्लखांबाने दिलेले ते खांदे चार वर्षं खिडकीशी नुसते बसून होते. घरी परतताना आई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवला, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

या खेळांचा इतिहास त्याने पुढे वाचून काढला. लुडविग गुटमन हे नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडलेले ज्यू डॉक्टर. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात कणा मोडलेले सैनिक त्यांच्याकडे यायचे. तेव्हा असे रुग्ण फार जगायचे नाहीत, जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांना न्यायचा. गुटमननी त्यांना झोपू दिलं नाही, खेळायला लावलं. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी 16 जखमी सैनिकांची, स्त्रिया आणि पुरुषांची, धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे 1960 मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं.

आपलं माणूसही यात फार मागे नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखालचा भाग गेला. 1968 च्या तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. उपचार म्हणून सुरू केलेलं पोहणं मग त्यांचा खेळ झालं, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांत त्यांनी सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ज्या वर्षी माझा भाऊ जन्मला त्याच वर्षीची ही गोष्ट, पण आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला. सिनेमा बघून आल्यावर सगळे गोळ्यांबद्दल बोलत होते. भाऊ म्हणाला, "गोळ्या शत्रूने मारल्या, त्यात पेटकरांचं काय? त्यांचं कर्तृत्व म्हणजे 37.33. घड्याळ कुणाला बिचारा म्हणत नाही."

आणि 29 ऑगस्ट 2021. मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढियाची भाविना पटेल, वर्षाची असताना पोलिओ झालेली, याच चौथ्या वर्गात टोकियो पॅरालिंपिकची अंतिम फेरी खेळली. चीनच्या झौ यिंगकडून सरळ तीन गेममध्ये हरली आणि रौप्य घेऊन आली. आमच्या गल्लीत पेढे वाटले. कुणीतरी हळहळलं, "बिचारीचं सुवर्ण हुकलं." भाऊ चिडला. "बिचारी कशाला? जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूकडून पहिल्या गेममध्ये सात गुण काढलेत तिने. हरली, पण पूर्ण ताकदीने खेळणाऱ्या माणसाकडून हरली."

तो स्वतः तिथवर पोचला नाही. राज्य पातळीवर काही पदकं, बस्स. घर मात्र बदललं. वाडा विकून तळमजल्यावर आलो. हलकी, कमी पाठीची, हात टेकायच्या दांड्या नसलेली खुर्ची आली. त्याने हिशेब लिहिण्याची कामं घेतली, हाताने चालवायची स्कूटर घेतली. आई 2017 मध्ये गेली. शेवटची काही वर्षं ती प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत असायची, आणि हा हरला की परतताना रिक्षात त्याची बिनपाण्याने व्हायची: "बॅकहँडला येतोय दिसत होतं ना? मग झोपला होतास का?" ते ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते मला कुठल्या पदकाच्या वेळीही दिसलं नाही.

आता तो त्रेपन्न-चौपन्नचा आहे. खांदे कुरकुरतात. आयुष्यभर चाकं ढकलून ते झिजतातच. म्हणून खेळ कमी, शिकवणं जास्त. परातीवरून पडलेले बांधकाम मजूर, बाइकवरून पडलेली कॉलेजची पोरं येतात. तो पहिल्या दिवशी बॅट हातात देत नाही. आधी गादी अंथरतो आणि खुर्चीतून खाली कसं पडायचं, परत वर कसं बसायचं ते शिकवतो. सोबत आलेल्या आयांना लांबच्या बाकावर बसवतो आणि त्यांच्यापाशी चहा पाठवतो. त्या बाकाचं काम त्याला नीट माहीत आहे.

आपल्या समाजापुरतं एकच सांगते. बडोदा असो, इंदूर, ग्वाल्हेर की बेळगाव, आपली मंडळं, वाचनालयं, मंगल कार्यालयं जुनी आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. आमच्या मंडळात गणपतीच्या आरतीला भावाला चौघं उचलून वर नेत, टाळ्याही वाजत. त्याला त्या टाळ्यांचा मनापासून राग. शेवटी वर्गणीतून उतार बांधला, एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा सौम्य. पहिल्या वर्षी तो एकटाच चढून गेला आणि कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. त्याला हेच हवं होतं. आता त्या उतारावरून गुडघेदुखीवाल्या आज्याही येतात, आणि त्यांनाच तो जास्त उपयोगी पडतो.

तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत खिडकीशी बसलेलं कुणी असेल तर एकदा कॅरमचा बोर्ड मांडा, आणि खरं खरं खेळा.