घंटा कोठे वाजावी?

आमच्या महाविद्यालयातील टेलिफोनचे यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याच्या तीन रीती आहेत. काळ्या पडद्यावर 'कोअर रीस्टार्ट' ही अक्षरे उमटवून त्यांपुढे 'नाऊ' असे लिहिले, तर चाललेली सारी संभाषणे मध्येच तोडून यंत्र त्या क्षणी निजते आणि पुन्हा उठते. 'ग्रेसफुली' लिहिले, तर नव्याने येणाऱ्यास दार बंद होते. मात्र आत बोलत बसलेल्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत ते थांबते. आणि 'व्हेन कन्व्हीनिअंट' असे लिहिले, तर कोणास न अडविता आणि कोणाचे न तोडता, सगळीकडे सामसूम झाल्यावरच ते आपले काम उरकून घेते. इंग्रजीची क्रियाविशेषणे शिकविण्यात माझी पंचवीसाहून अधिक वर्षे गेली. क्रियाविशेषणाचा हुकूम इतक्या निमूटपणे पाळणारा विद्यार्थी मला अलीकडेच प्रथम लाभला.

इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाने ही उठाठेव का करावी, असे वाचकांस वाटेल. माझ्या सहकाऱ्यांसही ते वाटते, आणि त्यांतील काहीजण मला 'ऑपरेटर' म्हणून हाकही मारतात. खरी गोष्ट अशी की, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मृगाच्या आधी जी वादळे होतात, त्यांतील एकात जवळच वीज पडली. तांब्याच्या तारेवाटे तिचा झटका आत शिरला आणि कार्यालयातील ईपीएबीएक्सची जुनी पेटी जळून गेली. नव्या पेटीची किंमत ऐकून प्राचार्यांनी दोन दिवस तो विषयच काढू दिला नाही. तेवढ्यात नागपुरास नोकरीस असलेला एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याने ग्रंथालयाच्या अडगळीतील एक संगणक मागून घेतला, बाहेरच्या दोन लाइनी ज्यात खोवता येतील असे एक कार्ड त्यात बसविले आणि 'ॲस्टरिस्क' नावाची, दाम न देता मिळणारी आज्ञावली त्यात भरली. जाताना तो म्हणाला, "सर, यात सगळं लिहिलेलंच असतं. तुम्हांला वाचता येतं, म्हणजे चालवताही येईल." त्याचे हे शेवटचे वाक्य जर मला कमी आवडले असते, तर आज मी ह्या भानगडीत नसतो.

ॲस्टरिस्क म्हणजे तारांकन; छापील मजकुरात तळटीपेसाठी आपण जी चांदणी घालतो, ती. संगणकाच्या परिभाषेत ह्या चिन्हाचा अर्थ 'काहीही' असा होतो. मार्क स्पेन्सर नावाच्या एका अमेरिकन तरुणाने 1999 साली ही आज्ञावली लिहावयास घेतली. त्याने एक लहानसा धंदा काढला होता, त्याला टेलिफोनची यंत्रणा हवी होती, आणि विकत घेण्याइतका पैसा हाती नव्हता. तेव्हा त्याने ती लिहूनच काढली आणि सर्वांस खुली करून दिली. आमच्या प्राचार्यांची अडचण आणि त्याची अडचण ह्यांत केवळ अक्षांश-रेखांशांचा फरक होता.

हे यंत्र चालते ते एका लिखित मजकुरावर. त्यास डायल-प्लॅन म्हणतात. त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे एक पायरी. एकशेएक क्रमांक कोणी मागितला, तर मुख्य लिपिकांच्या टेबलावर घंटा वाजव आणि वीस सेकंद वाट पाहा, ही पहिली पायरी. कोणी उचलले नाही तर शेजारच्या टेबलाकडे जा, ही दुसरी. तेथेही कोणी नसेल तर अमुक कर, ही तिसरी. काही नावे तर एकाच अक्षराची आहेत. कोणास शोधतो आहे हे न सांगता जो नुसताच दाराशी येतो, त्याच्यासाठी 'एस'. चुकीचा आकडा दाबणाऱ्यासाठी 'आय'. काहीच न दाबता गप्प राहणाऱ्यासाठी 'टी'. आणि जो निघून गेला, त्याच्यामागून करावयाच्या आवराआवरीसाठी 'एच'. नाटकाच्या आरंभी पात्रांची यादी असते तशी ही यादी मला वाटते. फरक इतकाच की, येथे पात्रे कोण येणार हे लेखकास ठाऊक नसते.

यंत्राशी बोलावयाचे ते टर्मिनलमधून, म्हणजे काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून. तेथे प्रवेश करताना 'व्ही' हे अक्षर जितक्या वेळा लिहावे, तितके यंत्र अधिक बोलके होते. व्ही म्हणजे व्हर्बोज, अर्थात पाल्हाळिक. एका व्हीला ते मितभाषी असते. तीन व्हींना प्रत्येक घंटेची, प्रत्येक पायरीची वर्दी देते. त्याहून पुढे गेल्यास आमच्या स्टाफरूममधील एका सद्गृहस्थांची आठवण होते.

आरंभीचे काही दिवस मात्र यंत्राने चमत्कारिक छळ मांडला. दुपार झाली की दोन्ही लाइनी व्यग्र दिसत, आणि पाहावे तो कोणीच बोलत नसे. कारण सापडले ते मोठे मजेचे होते. तांब्याच्या साध्या लाइनीवर पलीकडच्या माणसाने फोन ठेवला, की बहुधा नुसता व्यग्रतेचा सूर ऐकू येऊ लागतो. तो ओळखून यंत्राने आपणही लाइन सोडावी अशी अपेक्षा असते. पण आमच्या यंत्राचा कान अमेरिकेत तयार झालेला! तिकडचा व्यग्रतेचा सूर दोन स्वरांचा, अर्धा सेकंद वाजणारा आणि अर्धा सेकंद थांबणारा. आपला सूर एकाच स्वराचा, 400 कंपनांचा. पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. हा सूर कानी पडत असूनही तो निरोपाचा आहे हे यंत्राला उमगत नव्हते, आणि केव्हाच निघून गेलेल्या माणसासाठी ते तासन्‌तास लाइन धरून बसत होते. मजकुरात देशाच्या जागी 'यूएस' होते तेथे 'इन' लिहिले, सुराचे माप साडेसातशे-साडेसातशे मिलिसेकंद असे सांगितले, आणि लाइनी मोकळ्या झाल्या. त्याच निमित्ताने कळले की, आपण जन्मभर ऐकत आलो ती टेलिफोनची घंटाही अशीच मोजून ठेवलेली आहे. फोन करणाऱ्याच्या कानात चार दशांश सेकंद नाद, दोन दशांश शांतता, पुन्हा चार दशांश नाद, आणि मग पुरते दोन सेकंद मौन. हे दोन सेकंदांचे मौन किती लांब असते, हे वाट पाहणाऱ्यासच विचारावे.

विजेविषयी फार लिहीत नाही. जुना टेलिफोन गावच्या एक्स्चेंजमधील 48 व्होल्टांच्या बॅटरीवर जगत असे, म्हणून घरात अंधार असला तरी तो बोले. आमची नवी उपकरणे आमच्याच विजेवर जगतात आणि तिच्याबरोबर मूर्च्छित होतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेला म्हणजे संगणकाच्या खोलीत मी एक टेबलफॅन लावून ठेवतो. अशा वेळी सी-डॉट ह्या 1984 साली स्थापन झालेल्या संस्थेतील अभियंत्यांची मला आदराने आठवण होते. त्यांनी 128 लाइनींचे जे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, आणि 1986 साली कर्नाटकातील कित्तूर येथे जे प्रथम बसविले, ते आपल्या उन्हाधुळीत वातानुकूलनावाचून चालावे अशाच हिशेबाने घडविलेले होते.

पण हे सारे यंत्राचे झाले. मला जे सांगावयाचे आहे ते घंटेविषयी.

आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचा जनक आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा, प्रेतसंस्काराची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. असे सांगतात की, त्याच्या गावच्या एक्स्चेंजवर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको बसत असे, आणि दुःखात असलेल्या माणसाने स्ट्रोजरला मागितले तरी ती आपल्या नवऱ्याकडेच जोडून देई. ह्या संतापातून त्याने माणसास मधून काढून टाकणारे यंत्र शोधले. 1891 साली त्याचे पेटंट मिळाले आणि 1892 साली इंडियाना प्रांतातील ला पोर्ट गावी ते चालूही झाले. यंत्रास नवरा नसतो, म्हणून ते पक्षपात करीत नाही, असा त्याचा हिशेब. तो हिशेब मला पूर्वी बरोबर वाटे. डायल-प्लॅन वाचावयास लागल्यापासून वाटत नाही. कारण कोणाचा फोन कोठे वाजावा आणि कोणास किती थांबवावे, हे अजूनही कोणीतरी ठरवितोच, मात्र आता तो खुर्चीवर बसलेला दिसत नाही.

आमच्या कार्यालयाची वेळ साडेदहा ते साडेपाच. त्यापूर्वी व त्यानंतर येणाऱ्या फोनांस एक ध्वनिमुद्रित निवेदन ऐकवावे, असे कार्यालयाने ठरविले होते आणि त्यात वावगे काही नव्हते. सर्वत्र असेच असते. निवेदन शुद्ध मराठीत, गोड आवाजात, चौदा सेकंदांचे: कार्यालय बंद आहे, कृपया कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा.

यंत्र प्रत्येक फोनची एक ओळ लिहून ठेवते: कोणाकडून आला, केव्हा आला, किती वेळ चालला आणि शेवट काय झाला. ह्या शेवटच्या रकान्यात 'उत्तर मिळाले', 'उत्तर नाही', 'व्यग्र' अशा अर्थाचे शब्द येतात. हिवाळ्यातल्या एका रविवारी ही यादी मी सहज वाचीत बसलो होतो. सहा दिवसांत एकाच क्रमांकावरून अकरा फोन आले होते, सगळे सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान, सगळे चौदा सेकंदांचे. आणि अकराही ओळींच्या शेवटी शब्द होता 'ॲन्सर्ड'. यंत्राच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. निवेदन ऐकवावयाचे तर यंत्राला आधी फोन उचलावा लागतो. आणि फोन उचलला गेला, म्हणजे उत्तर मिळाले! त्या बाईला अकरा वेळा उत्तर मिळाले होते.

बाई, असे मी म्हणतो. कारण त्या क्रमांकावर मी लगेच फोन केला. आमच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीची ती आई. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जास उत्पन्नाचा दाखला नवा जोडावयाचा होता, आणि तो शुक्रवारपर्यंत पोहोचला तर चालेल की बुधवारीच हवा, एवढेच तिला विचारावयाचे होते. महाविद्यालयाची सूचना व्हॉट्सॲपवर गेली होती. हिच्यापाशी साधा, बटणांचा फोन. सातला ती कापूस वेचावयास जाई ती अंधार पडता परते, आणि शेतात रेंज नसे. तहसिलीत एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. तारीख ठाऊक नसताना गेले तर दोन दिवसांची. मी तारीख सांगितली. ती म्हणाली, "थे बाई रोज म्हने का हापिस बंद हाये. मंग म्या म्हनलं, उद्या पाहू." त्या यांत्रिक आवाजाविषयी तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुसऱ्या एखाद्या कष्टकरी बाईविषयी बोलावे तशी ती बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी हा विषय कार्यालयात काढला. 'प्रवेशासाठी एक दाबा, परीक्षेसाठी दोन दाबा' अशी व्यवस्था चोवीस तास ठेवावी, असे एक मत पडले. मला ते मुळीच पटले नाही. ह्या जिल्ह्यात घरी वऱ्हाडी बोलणारे आहेत, गोरमाटी बोलणारे बंजारे आहेत, केळापूर-झरीच्या बाजूस कोलामी आणि गोंडी बोलणारे आहेत. पुस्तकी मराठीतील यादी कानांनी ऐकून तीतून आपला आकडा निवडणे ही त्यांतील पुष्कळांच्या दृष्टीने एक परीक्षाच होय, आणि परीक्षा घेण्यासाठी आम्हांस वर्षातून दोन हंगाम पुरेसे आहेत. मी सुचविले की, कार्यालय बंद असताना घंटा फाटकावरील पहारेकऱ्याच्या खोलीत वाजावी. मुख्य लिपिक म्हणाले, "सर, त्यांना काय सांगता येणार?" शंका रास्त होती. पण सांगण्याइतकेच लिहून घेण्यालाही महत्त्व आहे, आणि आमचे मामा सातवीपर्यंत शिकलेले आहेत. पहारेकऱ्यास सारे महाविद्यालय मामाच म्हणते. त्यांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सर, मानूस इतक्या सकायी घंटी वाजवते म्हंजे त्याचं काई तरी काम असनच."

डायल-प्लॅनमध्ये ह्यासाठी चार ओळी पुरल्या. सोमवार ते शनिवार, साडेदहा ते साडेपाच ह्या वेळात घंटा कार्यालयात, एरवी मामांकडे, तेथे कोणी नसेल तरच ते गोड निवेदन. बदल रुजू करण्यास यंत्र बंदही करावे लागले नाही. मामांना एक रेघी वही दिली. तीत ते क्रमांक, गाव आणि काम लिहितात, आणि साडेदहाला ती वही मुख्य लिपिकांच्या टेबलावर जाते. 'टीसी पाह्यजे', 'पोराले ताप हाये, पेपर बुडन का', 'काई नाई, पोरगी पोचली का थे पुसलं' अशा तिच्यातील नोंदी. मुख्य लिपिकांनी पहिले दोन आठवडे ती वही उघडली नाही. आता चहाच्या आधी उघडतात आणि ज्यांना उत्तर द्यावयाचे त्यांना संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी स्वतः फोन लावतात.

यादीतील आकडे मात्र ह्यामुळे बिघडले. पूर्वी वेळेबाहेरचा प्रत्येक फोन 'ॲन्सर्ड' असे. आता मामा फेरीवर असले की चौदा सेकंदांच्या जुन्या ओळी अधूनमधून दिसू लागतात, आणि घंटा चालू असतानाच माणसाने फोन ठेवला तर 'नो ॲन्सर' असे स्वच्छ लिहिले जाते. वार्षिक अहवालासाठी हे आकडे मागण्यात आले, तेव्हा मी ते आहेत तसेच दिले.

गेल्या आठवड्यात मामा स्वतः माझ्या खोलीत आले. म्हणाले, "सर, फाटकापासून खोलीपर्यंत याले माया पायानं वेळ लागते. तुमची घंटी लवकर थांबते." मी मजकूर उघडून पाहिला, वीस सेकंद होते. त्याचे चाळीस केले.