उसन्या आवाजाचे विमान

नकाशात अहमदाबादवर एक टिंब द्यावे, जुहूवर दुसरे द्यावे आणि पट्टी ठेवून ती दोन्ही जोडावीत. ही रेषा खाली उतरता उतरता डहाणूजवळून येते आणि बोईसर व पालघर यांच्या जवळजवळ माथ्यावरून पुढे जाते. बोईसरच्या एका तेरा वर्षांच्या मुलाने ती शाळेच्या नकाशावहीत पेन्सिलीने ओढली आणि त्या दिवसापासून त्याला एका विमानाचा ध्यास लागला.

ते विमान म्हणजे ‘पुस मॉथ’. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूला पोहोचले, ते याच जातीच्या विमानातून. एकच इंजिन, डोक्यावर पंख आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले कापड! आजच्या वेगवान रेल्वेगाडीशीही ज्याची जेमतेम बरोबरी व्हावी, असा त्याचा वेग. असे विमान आपणही एकदा आपल्या गावावरून न्यावे, असे त्या मुलाला वाटू लागले.

खरे विमान कोठून मिळणार? परंतु घरात एक जुना संगणक होता आणि त्यात विमान चालविण्याचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, होता. या खेळाचा मूळ कर्ता ब्रूस आर्टविक. मायक्रोसॉफ्टने त्याची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये काढली. मुलाजवळची आवृत्ती २००६ ची होती. खेळाबरोबर काही विमाने तयार मिळतात, पण त्यांत पुस मॉथ नव्हते. मात्र खेळ रचणाऱ्यांनी एक दार मोकळे ठेवले आहे. कोणीही नवे विमान घडवावे आणि त्यात आणून बसवावे. जगभरचे हौशी लोक नोकरीधंदा सांभाळून रात्री-रात्री जागतात, जुन्या विमानांची मापे जमवून त्यांच्या प्रतिकृती तयार करतात आणि पुष्कळदा फुकट वाटून टाकतात. अशाच एका परदेशी हौशी माणसाने घडविलेले पुस मॉथ मुलाला मिळाले.

ते आले एका झिप फाइलमध्ये, म्हणजे आवळून बांधलेल्या गाठोड्याच्या रूपात. मुलाने गाठोडे सोडले आणि सगळेच्या सगळे खेळाच्या फोल्डरात ओतले. ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ असे संगणकाने विचारले. उतावळा माणूस अशा प्रश्नाला जे उत्तर देतो, तेच त्याने दिले. पुस मॉथ तर आले नाहीच. उलट आधीच्या चांगल्या चालणाऱ्या सेसना विमानाचे दोन दर्शक मात्र कोरे पडले. मूळ फाइलींची प्रत त्याने ठेवली नव्हती. सारा खेळ पुसून दोन्ही डीव्हीडींवरून पुन्हा चढवावा लागला आणि त्यात शनिवारची संध्याकाळ संपली.

वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. पाळी संपवून ते घरी आले, तेव्हा मुलगा तोंड पाडून बसला होता. संगणकातले त्यांना काही कळत नसे, त्यांनी एवढेच विचारले, “अरे, या मशीनबरोबर काही कागद आला असेल ना? कुठला भाग कुठे बसतो, ते लिहिलेला?”

कागद होता. गाठोड्यातच ‘रीडमी’ नावाची एक फाइल पडून होती आणि मुलाने ती उघडलीही नव्हती. इंग्रजी मजकुराने तो बिचकला. पण ‘पॅनेल’ आणि ‘गेज’ हे शब्द दिसताच वडील खुर्ची ओढून बसले. दाबाचे गेज त्यांच्या रोजच्या हाताखालचे! दोघांनी मिळून ओळ न् ओळ लावली. विमानाचे फोल्डर ‘सिमऑब्जेक्ट्स’मधील ‘एअरप्लेन्स’मध्ये जाते, त्याच्या आत आकृती, रंगरूप, पॅनेल आणि आवाज यांचे वेगळे कप्पे असतात, दर्शकांच्या फाइली मात्र ‘गेजेस’मध्ये जातात. या वेळी वडिलांच्या सांगण्यावरून आधी जुन्या फाइलींची प्रत काढून ठेवली. पंप उघडतानाही ते सुटे भाग फडक्यावर ओळीने मांडून ठेवीत.

तरीही यादीत विमान दिसेना! दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडा झाला. गाठोडे सोडताना फोल्डरात तेच नाव असलेले आणखी एक फोल्डर तयार झाले होते. खेळ पहिल्याच दारात शोधून परत फिरत होता आणि विमान आतल्या खोलीत बसले होते. ते बाहेर काढताच यादीत पुस मॉथचे चित्र उमटले.

विमान धावपट्टीवर उभे राहिले. पंखा फिरू लागला, पण आवाज नाही. ते मुक्यानेच उडाले. पुन्हा रीडमी पाहिली. कर्त्याने स्वतःचा आवाज दिलाच नव्हता. दुसऱ्या एका विमानाचा आवाज वापरण्यास सांगितले होते आणि ते विमान या संगणकात नव्हते. मुलाने आवाजाच्या फाइलीत त्याचे नाव खोडून सेसनाचे लिहिले. अवघी एक ओळ, पण इंजिन गर्जू लागले! अर्थात ते पुस मॉथचे गर्जणे नव्हे. १९३२ च्या विमानाच्या तोंडी पुढच्या काळातले इंजिन बोलत होते. मुलाला ते खटकले आणि खटकले हे चांगलेच झाले. पुढे कधी खरा आवाज मिळाला, तर तो त्याला ओळखता येईल.

त्या रविवारी दुपारी तो अहमदाबादहून निघाला. जुहू सुमारे चारशे चाळीस किलोमीटर, म्हणजे अडीच तासांहून अधिक वाट. खंबायतचे आखात मागे पडले, मग दमण, मग डहाणूचा किनारा. वर आकाश, खाली खाड्यांची वळणे. ती मात्र ओळखीची होती. बोईसर आले तेव्हा त्याने विमान एका अंगावर कलवून आपले घर शोधले. तेथे हिरव्या-करड्या रंगाचे ठिगळ होते आणि कोणाचीही नसलेली काही घरे.

आईने जेवायला हाक मारली. खेळ थांबविण्याची कळ बोटाखालीच होती. टाटांच्या विमानात अशी कळ नव्हती, असे त्याच्या मनात आले आणि त्याने बोट उचलून घेतले.

वडील मागे येऊन उभे राहिले. “बोईसर आलं का रे?”

“गेलं, बाबा. पालघरही गेलं,” पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, “ही पुढे दिसते ती वैतरणा.”