रियाजुल जन्नतमधला खांब आणि आमच्या पडवीतला

यंदा अम्मीला घेऊन उमराहला गेलो. निघताना मोठ्या भाईंनी सांगून ठेवले होते, "परत आलात की घराचे काम काढू." खाडीकाठचे आमचे कौलारू घर आता जुने झाले आहे. ते पाडून स्लॅबचे बांधायचे आणि सागवानी खांब विकायचे, असा बेत होता. एका व्यापाऱ्याने दरही सांगितला होता. अम्मी त्यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मदीनेत मस्जिद-ए-नबवीतल्या रियाजुल जन्नतमध्ये जायला पुरुषांची आणि स्त्रियांची वेळ वेगळी असते. माझी पाळी आधी आली. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे घर आणि मिंबर यांच्यामधली ही जागा. दोन रकात नमाज पढून मान वर केली, तर समोर पांढरे संगमरवरी खांब. काहींवर सोनेरी अक्षरांत नावे, आणि नावाआधी एकच शब्द : उस्तुवाना. म्हणजे खांब. एक हजरत आयशा (रजि.) यांच्या नावाचा. एक तौबाचा. आपल्या हातून चूक झाली म्हणून हजरत अबू लुबाबा (रजि.) यांनी तिथल्या खांबाला स्वतःला बांधून घेतले आणि तौबा कबूल होईपर्यंत सुटले नाहीत, त्याची ही आठवण.

खांबाला शब्द तरी किती! उर्दूत सुतून. नमाज हा दीनचा सुतून, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अरबीत तिथे 'इमाद' हा शब्द आहे. इस्लामचे पाच 'अरकान' आपण मराठीत पाच स्तंभ म्हणतो. पण त्यातला 'रुक्न' म्हणजे कोपराही. काबागृहाचा रुक्न-ए-यमानी हा कोपराच आहे. आपल्याकडे घराचा तो खांब, तात्पुरता आधार दिला तर टेकू, आणि वर दुबेळके असलेली ती मेढ. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढे, हे जुनी माणसे खणांवरून सांगत.

इ.स. 622 मध्ये हिजरतनंतर ही मशीद उभी राहिली, तेव्हा तिचे खांब खजुराच्या बुंध्यांचे होते आणि छप्पर झावळ्यांचे. पैगंबर (स.) एका बुंध्याजवळ उभे राहून खुतबा देत. पुढे मिंबर तयार झाला आणि ते त्यावर उभे राहिले, तेव्हा तो सुना पडलेला बुंधा रडू लागला. सहीह बुखारीत ही हकीकत आहे. पैगंबर (स.) खाली उतरले, त्यांनी त्याला जवळ घेतले, आणि रडणारे मूल हळूहळू शांत व्हावे तसा तो शांत झाला. मेहराबजवळचा खांब त्याच्या आठवणीचा आहे.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मशीद नव्याने बांधली तेव्हा खांब कोरीव दगडाचे झाले आणि छप्पर सागवानाचे. सागवान अरबस्तानात उगवत नाही. ते हिंदुस्थानाकडून जहाजांनी येई. अरबीत त्याला 'साज' म्हणतात. साज आणि साग, एकाच कुळातले शब्द.

रात्री मुक्कामावर अम्मीला हे सगळे सांगितले. बुंध्याची गोष्ट तिला ठाऊकच होती. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझे अब्बा असरनंतर पडवीतल्या खांबाला पाठ टेकून बसायचे. त्या जागी खांब गुळगुळीत झालाय. मी रोज तिथे हात लावते. तुम्हाला सांगितले असते तर हसला असता."

अब्बांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्या खांबाजवळून मी रोज ये-जा केली, पण तो गुळगुळीतपणा माझ्या हाताला कधी लागला नव्हता.

गावी आल्यावर भाईंना सगळे सांगितले. घर पाडावे लागणारच, वाशांना वाळवी लागली आहे. नव्या घराला कॉलमच येतील. पण पडवीतला तो खांब व्यापाऱ्याला द्यायचा नाही, असे ठरले. त्याच्या दगडी तळखड्यासकट तो नव्या ओटीवर उभा करायचा. गवंडी म्हणाला, "त्याच्यावर भार काहीच येणार नाही, मग कशाला?"

भाई म्हणाले, "अम्मीला टेकायला."