फिक्या रंगाची साक्ष

वैशाखातल्या दुपारी छत्रपती संभाजीनगरात कूलरवाचून कोणास चैन पडत नाही. परंतु माझ्या प्रयोगशाळेत एलायझा चाचणीची प्लेट मांडली गेली की प्रथम कूलरचे तोंड भिंतीकडे फिरविले जाते, कारण त्या कोरड्या झोताने शहाण्णव खळग्यांपैकी कडेचे खळगे आधी सुकू लागतात आणि त्यांची जबानी मधल्यांशी जुळेनाशी होते.

मी पांढऱ्या उंदरांच्या यकृतातील सायक्लिक एएमपी मोजतो. संप्रेरक हा पेशीच्या वेशीपर्यंत येणारा जासूद. पुष्कळ संप्रेरकांना आत मज्जाव असतो, म्हणून त्यांचा हुकूम वेशीवरच उतरवून घेऊन आतल्या कारभारास पोहोचविण्याचे काम सायक्लिक एएमपी हा चिमुकला रेणू, पेशीतला दूत, करतो. अ‍ॅड्रेनलिनमुळे यकृतातील ग्लायकोजेनची साखर कशी होते याचा माग काढताना अर्ल सदरलँड यांना तो सापडला आणि १९७१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या एंगवाल व पर्लमन यांनी एलायझाची पद्धत प्रसिद्ध केली, हा योगायोग मला फार प्रिय आहे.

रेणू इतका लहान की दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी त्यास धरता येत नाही. म्हणून एंझाइम जोडलेला सायक्लिक एएमपी नमुन्यासोबत घालतात आणि प्रतिपिंडावरील मोजक्या जागांसाठी दोघांत चढाओढ लागते. नमुन्यातला जितका अधिक, तितक्या जागा तो अडवितो आणि शेवटी उमटणारा पिवळा रंग तितकाच फिका पडतो. गर्द पिवळा खळगा पाहून हरखलेल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास मी सांगतो, दूत तेथे नव्हता. तो त्या फिकटलेल्या खळग्यात होता.

पण खरी परीक्षा प्लेटच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. यकृत बाहेर काढले तरी त्यातील फॉस्फोडायएस्टरेज दूताची मोडतोड करीतच राहते. म्हणून तुकडा तत्क्षणी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा आणि मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात कुटावा, म्हणजे ते एंझाइम निकामी होते. हे सारे मला पाठ होते. तरीही एका उन्हाळ्यात नायट्रोजनचे पात्र रिते झाले, आणि ते भरून येईतो मी काही तुकडे नुसत्या बर्फावर ठेवले. ते नेमके औषध दिलेल्या उंदरांचे होते. त्यांत सायक्लिक एएमपी स्पष्टपणे कमी भरला. कित्येक दिवस मी त्या आकड्यांच्या आनंदात होतो, आणि पुढे वही चाळताना बर्फावरची ती पंचवीस मिनिटे दिसली तेव्हा सारा प्रयोग नव्याने केला. दोन्ही गटांना सारखाच वेळ मिळताच फरक नाहीसा झाला.

तेव्हापासून प्रत्येक नळीसमोर काढल्याची व गोठविल्याची वेळ, पंचनाम्याच्या काटेकोरपणाने, तिथल्या तिथे नोंदली जाते. परवा एका नळीसमोरची जागा कोरी होती. नमुना डोळ्यांना निर्दोष दिसत होता, आणि ज्या मुलीने तो घेतला तिला वेळ साधारण आठवतही होती. मी ती नळी बाजूला ठेवावयास सांगितले, आणि तिने काही न बोलता ठेवली.