पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

माझ्या तालमीतला एक पोरगा गेल्या वर्षी एमएमएच्या, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या, पिंजऱ्यात उतरला. मातीत भल्याभल्यांना आसमान दाखवलेला गडी. पहिल्याच मिनिटाला त्यानं दुहेरी पट काढला, समोरच्याला उताणं पाडलं आणि क्षणभर पंचाकडे बघितलं. तेवढ्यात खालच्यानं त्याची मान बगलेत धरून आवळली. खेळ खलास. पोराचा राग कसा करू? पाठ टेकली की कुस्ती निकाली, हे मीच त्याच्या अंगात मुरवलेलं.

मग त्याला शेजारी बसवून एमएमएचा लढवय्या खबीब नुरमागोमेदोव याच्या लढती लावल्या. 29 लढती, 29 विजय. पण मला अप्रूप आहे ते घडणीचं. जन्म 1988 चा, दागेस्तानातल्या सिल्दी या डोंगरी गावातला. वडील अब्दुलमनाप स्वतः वस्ताद, तालीम घराच्याच तळमजल्यावर. लहानगा खबीब अस्वलाच्या पिल्लाशी झटतोय ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते. अस्वल राहू दे, क्रम बघा. आधी कुस्ती, पंधराव्या वर्षी ज्युदो, सतराव्या वर्षी कॉम्बॅट साम्बो. ज्युदोत खाली पडलेल्याचा गळा आवळता येतो, कॉम्बॅट साम्बोत वर ठोसे आणि लाथाही. पाठ टेकल्यावर पुढं काय करायचं, हे त्याला मिसरूड फुटायच्या वयातच ठाऊक झालं. आमची पोरं हे पंचविशीत शिकायला जातात. तेव्हा आधी विसरण्यातच वेळ जातो.

आमच्याकडे पाठ वाचवायला खालचा गडी पालथा होतो, माती धरून राहतो. पिंजऱ्यात पालथं होणं म्हणजे आपणहून गळा हवाली करणं. 2019 मध्ये अबुधाबीत खबीबनं डस्टिन पोरिएला असंच पाठीवर चढून, मागून गळा आवळून संपवलं.

पटाचंही तसंच. खबीब गड्याला आधी जाळीपर्यंत रेटत नेतो. पाठीशी जाळी आली की पाय मागं फेकायला जागा उरत नाही. एकेरी पट हुकला तर दुहेरी, तोही हुकला तर कंबर. 2013 मध्ये एबल ट्रुहियोला त्यानं पंधरा मिनिटांत 21 वेळा पाडलं! पाडल्यावर आपल्या पायांनी त्याचे पाय बांधायचे, मनगट धरून हात त्याच्याच अंगाखाली कोंबायचा आणि मोकळ्या हातानं ठोकायचं. खरा मार ठोशांचा नसतोच, भाराचा असतो. 2018 मध्ये कॉनर मॅकग्रेगरनं चौथ्या फेरीत हार कबूल करत हात आपटला तो मान पिळली गेल्यावर. पण माझ्या मते त्याचा दम पहिल्या दोन फेऱ्यांतच निम्मा गेला होता. (त्यानंतर जाळी ओलांडून खबीबनं जो राडा केला, तो कुठल्याच वस्तादाच्या पोराला शोभणारा नव्हता.)

वजन उतरवण्यात मात्र त्याचा कित्ता नको. 2017 च्या मार्चमध्ये लढतीच्या तोंडावर वजन घटवताना तो थेट दवाखान्यात पोचला आणि लढत रद्द झाली. खुराकावर वाढलेल्या आमच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

जुलै 2020 मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीतून अब्दुलमनाप गेले. ऑक्टोबरमध्ये जस्टिन गेथजीविरुद्धची लढत खबीबची शेवटची ठरली. दुसऱ्या फेरीत तो गेथजीच्या छातीवर बसला होता. आमच्या हिशेबानं जिंकलाच होता. तिथून त्यानं गेथजीची मान आणि एक हात पायांच्या कैचीत घेतला आणि स्वतःच मागं पडून आपली पाठ जमिनीला टेकवली. गेथजी बेशुद्ध झाला. खबीबनं हातमोजे काढून पिंजऱ्याच्या मधोमध ठेवले.

पोरानं माझ्या हातातला रिमोट घेतला आणि ती पाठ टेकवलेली जागा तीनदा मागं नेऊन पाहिली.