दुखत नाही, मग दवाखाना कशाला?

"दुखत न्हाई, मग दवाखाना कशाला?" कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आमच्या आत्याचं हे वाक्य. डाव्या स्तनात बोराएवढी गाठ. सहा महिने तिनं कुणाला सांगितलं नाही आणि सांगितल्यावर दोन महिने आम्ही घालवले. आधी जयंतीची वर्गणी, मग मिरवणूक, मग द्राक्षांची खरड छाटणी. हंगामातली मजुरी कोण बुडवणार?

त्याच वर्षी आमच्या खांद्यावरही गाठ आली होती. आम्ही साताऱ्यात नोकरीला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवली. मऊ, बोटाखाली सरकणारी, चरबीची गाठ. वाढली तर या, म्हणाले. पुरुषाची निरुपद्रवी गाठ एका दिवसात तपासली गेली आणि बाईची आठ महिने थांबली. समतेवर भाषणं देणाऱ्या घरातली ही गोष्ट आहे, म्हणून लाज सोडून लिहितो आहोत.

कातडीखालच्या बहुतेक गाठी साध्याच असतात, हे खरं. पण त्या साध्या आहेत हे दुखण्यावरून ठरत नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. मानेतली गंडमाळ, म्हणजे गाठींचा क्षयरोग, तीही बरेचदा दुखत नाही आणि साधारण सहा महिन्यांच्या औषधानं बरी होते. सरकारी दवाखान्यात ते औषध मोफत मिळतं. गाठ टणक आहे, जागची हलत नाही, वाढते आहे, दोन-तीन आठवड्यांत जिरत नाही, गळ्याच्या हाडाच्या वर आहे, सोबत ताप येतो, वजन घटतं, रात्री घाम फुटतो, यातलं एक जरी असलं तरी दाखवायचीच. स्तनातली तर कशीही असो. सुई टोचून तपासलं की गाठ पसरते, ही भीती सोडा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही गाठीवर अंगारा लावलेला आम्ही पाहिलाय, तोही सोडा.

सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. 1897 च्या प्लेगात काखेत-जांघेत ठणकणाऱ्या गाठी यायच्या, लोक रोग्याजवळ जायला भ्यायचे. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच प्लेग होऊन 10 मार्चला त्या गेल्या. त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, आणि त्याच भिंतीखाली बसून आम्हाला आत्यासमोर 'स्तन' हा शब्द उच्चारता येत नव्हता.

शेवटी मिरजेला नेलं. सुईची तपासणी, मग ऑपरेशन, मग केमो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राकडे दोन चकरा झाल्या, एवढंच. लवकर आला असता तर केमो कदाचित टळली असती, असं डॉक्टर आमच्याकडे बघून म्हणाले, आत्याकडे नाही.

आत्या आता ठरल्या तारखेला तपासणीला जाते. मागच्या खेपेला गल्लीतल्या दोघी तिच्यासोबत एसटीत बसल्या. एकीच्या मानेवर गाठ आहे. दुसरीची कुठं आहे ते आम्हाला सांगत नाही, आत्याला सांगितलंय.