कीर्द की खतावणी

रोजनिशी कोणत्या पद्धतीनं ठेवावी, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: ती पुढं कोण वाचणार आणि तिच्यात काय शोधणार?

जांब समर्थच्या शिवारात आमची मोसंबी आहे. बागेची नोंद मी पेढीवाल्यांच्या जुन्या रीतीनं ठेवतो. कीर्दीत त्या दिवसाचं त्याच दिवशी लिहायचं: ‘ताण तोडला. आंबवणीचं पाणी दिलं. विहिरीकडच्या ओळीत डिंक्या दिसतोय.’ खतावणीत दर ओळीला वेगळं पान. सवड मिळाली की कीर्दीतली नोंद त्या पानावर चढवायची. भाद्रपदात फळगळ सुरू झाली म्हणजे तारखा चाळत बसायला वेळ नसतो. पान उघडलं की ताण, पाणी, बोर्डो पेस्ट, सगळं एका नजरेत येतं.

मनाच्या वहीला मात्र मी खाती पाडत नाही. राग, काळजी, आनंद असे रकाने आखले, की माणूस रकान्यात बसेल तेवढंच लिहितो. छापील प्रश्नांच्या डायऱ्या मला म्हणूनच नकोशा वाटतात. तिथं नुसती कीर्द बरी. तारीख घालावी, सुचेल ते लिहावं.

आमच्या जांबेतच १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिलाय. अक्षर वाटोळं, सुटं, काळंभोर असावं. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लेखणी एकच वाटावी. चारही बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी मजकूर झडत नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. वाचणाऱ्याची इतकी काळजी! हा समास वाचल्यापासून मी मोठ्या अक्षरात लिहितो आणि समास रुंद सोडतो. त्या कोऱ्या जागेत पुढच्या हंगामातला शेरा बसतो, हा आणखी एक फायदा.

मोबाईलवर लिहिणाऱ्यांनी खुशाल तिथं लिहावं. वहीच घेणार असाल, तर साधी रेघांची घ्या. दोन महिने फक्त कीर्द लिहा. त्या काळात मागची पानं कशासाठी उलटावी लागली ते बघा, आणि तेवढीच खाती पाडा.